किलोमीटरवर पगार, दहा तासांचा लॉग आणि उभी गाडी: हो म्हणू की नको?

सावदेकर_गाडीवाला:

रामराम मंडळी. जरा लांबण लागेल, पण वाचा.

माझ्या दोन गाड्या. एक दहाचाकी, २०१६ ची, रावेर-सावद्याकडून दिल्लीला केळी नेते. दुसरी जळगावच्या एमआयडीसीतून पीव्हीसी पाइप भरते. दोन्ही एका ट्रान्सपोर्ट कंपनीला अटॅच, म्हणजे गाड्या माझ्या, काम कंपनीचं. भाडं कंपनी ठरवते, ड्रायव्हरचा पगार-भत्ता माझ्या बिलात वेगळा धरते आणि मी तो जसाच्या तसा त्याच्या हातात ठेवतो. आठ वर्षं असंच चाललंय.

परवा कंपनीच्या ग्रुपवर एकाच दिवशी तीन मेसेज आले. पहिला, पावसाळाभर माल मंद राहील, पाइपाचं लोडिंग निम्म्यावर येईल. हे मला मान्य आहे. पाऊस लागल्यावर शेतात पाइपलाइन कोण टाकतो? केळी मात्र चालू आहे. दुसरा मेसेज, पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हरला महिन्याचा पगार नाही, भत्ता नाही, किलोमीटरला सरळ ३ रुपये. तिसरा, प्रत्येक ड्रायव्हरने मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये लॉग भरायचा, म्हणजे गाडी कधी चालली, कधी थांबली याची नोंद. दिवसाला १० तासांच्या वर गाडी चालवायची नाही, चालवली तर त्या फेरीचं बिल अडकेल.

आता माझा हिशोब बघा. केळीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला आज १२,००० पगार आणि रस्त्यावर असेल त्या दिवसाचे ५०० भत्ता मिळतो. महिन्यात २५ दिवस तरी बाहेर असतो, म्हणजे २४,५०० झाले. दिल्लीची जाऊन-येऊन फेरी मी २,२०० किलोमीटर धरतो. तीन फेऱ्या झाल्या तर ६,६०० किलोमीटर, त्याचे १९,८००. म्हणजे ४,७०० चा खड्डा. चार झाल्या तर २६,४००, तेव्हा तो फायद्यात. पण माल मंद राहणार असं कंपनीच सांगते, आणि दहा तासांच्या वर चालवू नको असंही तीच सांगते. मग चौथी फेरी येणार कुठून?

लॉगला माझा विरोध नाही हे आधीच सांगतो. २०१९ मध्ये माझ्या आधीच्या ड्रायव्हरला शिवपुरीच्या पुढे पहाटे डुलकी लागली आणि गाडी दुभाजकावर चढली. माणूस वाचला, पाय मोडला. मी रात्री निघून ग्वाल्हेरला गेलो होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा दहा तास म्हणजे दहा तास, ठीक.

माझं दुखणं वेगळं आहे. मागच्या फेरीचंच सांगतो. मंगळवारी सकाळी ७ ला गाडी निंभोऱ्याच्या पुढे एका बागेवर लागली. कापणीची टोळी ११ ला आली. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी जमीन, दहाचाकी आत नेली असती तर जेसीबीनेच बाहेर काढावी लागली असती. म्हणून गाडी डांबरीवर उभी आणि घड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतायत. एक ट्रॉली रिकामी होते, दुसरी यायला पाऊण तास. मध्ये ड्रिपची नळी चाकाखाली आली म्हणून शेतमालक आणि ट्रॅक्टरवाला भांडले, त्यात अर्धा तास. शेवटचा घड रात्री साडेआठला चढला. मग वजनकाटा, मग बिल्टी, म्हणजे मालाची पावती. गाडी हलली साडेदहाला. साडेपंधरा तास झाले, किलोमीटर शून्य. दिल्लीत व्यापाऱ्याचं पिकवणीचं चेंबर भरलेलं होतं, तिथे आणखी १९ तास.

एवढा वेळ ड्रायव्हर काय करत होता? घड मोजत होता, पानं नीट अंथरली का ते बघत होता, काट्यावर उभा होता. कंपनीच्या पोराने फोनवर ऐकवलं, "गाडी उभी होती ना, मग ती विश्रांतीच." माझा ड्रायव्हर पारोळ्याकडचा, शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "गाडी हुबी शे, पन मी ते जागाच शे ना भाऊ."

या तीन मेसेजांना हो म्हणू का? कोणी असं काही आधी भोगलंय का?

चोपड्याचा_आप्पा:

सावदेकर, एवढं मनावर घेऊ नका. हो म्हणून टाका आणि दोन मोबाइल घ्या. दहा तास ड्रायव्हरच्या नावावर, पुढचे क्लीनरच्या नावावर. सगळे हेच करणार. २५ वर्षं गाड्या चालवल्या, असे नियम आले नि गेले.

सावदेकर_गाडीवाला:

आप्पा, माझ्या क्लीनरकडे लायसन्स नाही. काही झालं तर विमावाला पहिलं तेच विचारेल. आणि ग्वाल्हेरला मी गेलो होतो, तुम्ही नाही.

भुसावळ_ते_हिंजवडी:

भाऊ, मी मूळ भुसावळचा. पुण्यात रात्रपाळी करतो, काम अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांच्या ड्रायव्हरांचे लॉग तपासायचं. तुमचे तीन मेसेज वाचून हसू आलं. तिकडच्या कंपन्या ड्रायव्हरांना अगदी हेच तीन विषय पाठवतात. मालाची स्थिती, मैलाचा दर, लॉगचा नियम.

तिकडे १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांबपल्ल्याच्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा आहे. यंत्र इंजिनाला जोडलेलं असतं, गाडीने ताशी ५ मैल वेग घेतला की आपोआप "चालवतोय" लागतं, त्यामुळे आप्पांची दोन मोबाइलची युक्ती तिथे सहज चालत नाही. नियम असा: सलग १० तास सुट्टी झाली की पुढच्या १४ तासांच्या खिडकीत जास्तीत जास्त ११ तास चालवायचं. ८ तास चालवून झाले की अर्धा तास थांबायचं. आठवड्यालाही मर्यादा आहे, रोज गाड्या चालवणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत ७० तास.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या लॉगला चार ओळी असतात: सुट्टी, झोपायच्या बर्थवर, चालवतोय, आणि कामावर आहे पण चालवत नाही. सगळी गोम चौथ्या ओळीत. गोदामावर चार-पाच तास ताटकळलेला ड्रायव्हर ती वेळ बहुतेकदा "सुट्टी" मध्ये टाकतो, कारण चौथ्या ओळीत टाकली तर त्याचे ७० तास लवकर संपतात आणि मैल बुडतात. पगार मैलावर आहे ना. आणि १४ तासांचं घड्याळ ताटकळताना थांबत नाही, ते चालूच. रोज रात्री मी असे आलेख बघतो. दुपारभर सरळ रेघ "सुट्टी" वर, आणि ड्रायव्हरचा मेसेज मात्र, अजून दारातच उभा आहे. मग कंपनी गोदामवाल्याकडे खोटीचे, म्हणजे ताटकळल्याचे, पैसे मागायला गेली की तो म्हणतो, तुमच्याच लॉगमध्ये माणूस सुट्टीवर होता!

तेव्हा मेसेजला हो म्हणायच्या आधी अ‍ॅप उघडून बघा. तुमच्या अ‍ॅपमध्ये चौथी ओळ आहे का?

सावदेकर_गाडीवाला:

आत्ताच ड्रायव्हरच्या मोबाइलवर बघितलं. तीनच बटणं आहेत. चालू, विश्रांती, बिघाड. म्हणजे निंभोऱ्याचे साडेपंधरा तास एकतर विश्रांती, नाहीतर बिघाड!

भुसावळ_ते_हिंजवडी:

मग भांडण तिथूनच सुरू करा. दर नंतर.

दराचं म्हणाल तर गणित सोपं आहे. तीन फेऱ्यांचा खड्डा ४,७००, म्हणजे फेरीला साधारण १,५६७. भराईला साडेपंधरा आणि उतराईला १९, असे साडेचौतीस तास. दोन्हीकडे सहा-सहा तास फुकट सोडा, उरले साडेबावीस. तासाला ७० रुपये हॉल्टिंग (गाडी ताटकळल्याचे पैसे) ड्रायव्हरच्या नावाने मिळालं की खड्डा भरला. तिकडेही साधारण रीत अशीच असते, पहिले दोन तास फुकट आणि पुढे तासावर. तुम्ही तर सहा सोडताय.

चोपड्याचा_आप्पा:

प्रत्येक फेरीला साडेपंधरा तास थोडेच लागतात. कोरड्यात सात तासांत भराई होते. मग ७० रुपयांनी काय भरणार?

सावदेकर_गाडीवाला:

हे मात्र आप्पांचं बरोबर. फेब्रुवारीत गाडी थेट बांधापर्यंत जाते आणि दुपारी तीनला मोकळी होते. पण तेव्हा फेऱ्याही जास्त होतात, चौथी निघते. ताटकळणं आणि मंदी दोन्ही पावसाळ्यातच एकत्र येतात, आणि मेसेजही नेमका आत्ताच आला.

निवृत्त_कारकून_धुळे:

कामगार खात्याशी संबंधित कागद आयुष्यभर हाताळले, म्हणून दोन शब्द. दहा तासांचा आकडा कंपनीने हवेतून काढलेला नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर परवानगीने १० आणि ५४ पर्यंत. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळा दिवस १२ तासांच्या आत बसला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ९१ याच कायद्याकडे बोट दाखवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांतल्या एकीत गेला. आठ तासांचा दिवस तिथेही आहे.

तुमच्या कामाचं वाक्य मात्र जुन्या कायद्याच्या व्याख्येत आहे, तेवढं नीट वाचा. "कामाचे तास" म्हणजे फक्त गाडी चालवण्याचे तास नव्हेत. मालक, किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेला दुसरा कोणीही, यांच्या दिमतीला माणूस असेल तो वेळ. त्यात जोडकामाचा वेळ येतो, आणि गाडीची भराई-उतराई हे जोडकाम आहे असं तिथे स्पष्ट लिहिलंय. नुसतं हजर राहून वाट बघणं मात्र १५ मिनिटांच्या आतलं असेल तरच कामात धरलंय. म्हणजे टोळी यायच्या आधीचे चार तास वादात जातील. ११ नंतरचे नाहीत.

एक गोष्ट कडू लागेल. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता. तुमचे दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, म्हणजे चार. अटॅच गाडीचा ड्रायव्हर कंपनीचा की तुमचा, हा प्रश्न कंपनी कधी कागदावर येऊ देणार नाही. पण ती त्याचे तास ठरवते, पगाराची रीत ठरवते आणि मोडल्यास बिल अडवते. एवढं सगळं तिने लेखी दिलंय, तो व्हॉट्सअ‍ॅप जपून ठेवा.

पारोळ्याची_ताई:

माझे मिस्टर लाइनवर आहेत, दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर. त्यांच्याकडे किलोमीटरवर पगार होऊन वर्ष झालं. दादा, भत्ता बंद झाला की काय होतं ते मी सांगते. उभ्या दिवशी माणूस ढाब्यावर जेवतो ते खिशातून. पहिले दोन-तीन महिने ते स्टोव्ह आणि पिठाचा डबा घेऊन गेले, मग कंटाळले. आता गाडी उभी असली की एकदाच जेवतात, आणि फोनवर मला दोनदा जेवलो म्हणून सांगतात. दर काहीही ठरवा, पण उभ्या दिवसाचा जेवणाचा भत्ता सोडू नका. आमच्याकडे तो पहिल्याच बैठकीत सोडला, नंतर कोणी विषय काढू देत नाही.

चोपड्याचा_आप्पा:

ताई, तुमचं वाचून माझं वरचं बोलणं मागे घेतो. नवीन गाड्यांना, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झालेल्या ट्रकांना, केबिनला एसी सक्तीचा केलाय. छान आहे. पण उभ्या गाडीत एसी लावला तर डिझेल कोणाचं, हेही विचारून ठेवा सावदेकर.

सावदेकर_गाडीवाला:

आप्पा, माझ्या २०१६ च्या गाडीला एसी म्हणजे खिडकीत लटकवलेलं ओलं पोतं. त्याचं डिझेल लागत नाही.

काल जळगावला कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. सोबत ड्रायव्हरलाही नेलं, त्यानेच हट्ट धरला. आधी चौथ्या बटणाचं बोललो. मॅनेजर म्हणे, अ‍ॅप बाहेरच्या लोकांनी बनवलंय, आपल्या हातात नाही. तेव्हा मी पाइपाच्या गाडीचं ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, त्याच्यापुढे ठेवलं. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने त्या कागदाची मुदत ठरते, म्हणजे मालाचा दिवसही मोजला जातो. माणसाचा दिवस मोजायला एक बटण जास्त लागतं, एवढंच मागतोय म्हटलं. हसला. पण लिहून घेतलं. "भराई-उतराई" नावाचं बटण पंधरा दिवसांत येईल म्हणाला. येईल तेव्हा खरं.

७० रुपयांवर तो एकदम उठून बसला. ४० म्हणाला, तेही आठ तासांनंतर. मी नाही म्हटलं. मग महिन्याला किमान किलोमीटरची हमी मागितली, ८,००० धरा, गाडी तेवढी फिरली नाही तरी २४,००० द्या. ती वरच्या ऑफिसला विचारून सांगणार आहे. ताई, उभ्या दिवसाच्या जेवणाचे २५० मात्र तिथल्या तिथे कबूल करून घेतले, आणि ग्रुपवर लेखी टाकायला लावले. तुमच्यामुळे सुचलं. कारकून काकांची व्याख्या छापून नेली होती, तिची एक प्रत मॅनेजरने स्वतः मागून घेतली. आता ती वाचतो की भेळ बांधतो, बघू.

बटण येईपर्यंत ड्रायव्हरला दोनशे पानी वही घेऊन दिली आहे. गाडी लागल्याची वेळ, टोळी आल्याची वेळ, पहिला घड, शेवटचा घड, काटा, बिल्टी, आणि खाली शेतमालकाची किंवा व्यापाऱ्याची सही. पहिल्या पानावर त्याने आईचं नाव लिहिलं आणि मग निंभोऱ्याची ती मागची फेरी आठवून आठवून भरली. त्या फेरीची सही आता कोण देणार, ती जागा कोरी सोडली आहे.

सोमवारी पुढची भराई आहे. पाऊस असाच राहिला तर पुन्हा ट्रॅक्टरच.