पगाराचे धनादेश वटत नाहीत. पैसे कसे वसूल करावेत?

थकलेला_पगारदार
आमच्या कंपनीने मला पगारापोटी दिलेले दोन्ही धनादेश न वटता परत आले. व्यवस्थापक दर वेळी पुन्हा भरून पाहण्यास सांगतात, आणि माझ्या कर्जाचे हप्ते मात्र थकत चालले आहेत. नोकरी न सोडता हे पैसे कसे मिळवावेत, ते कृपया लवकर सांगावे. थोडी वाट पाहा, असे कोणी सांगू नये. दोन महिने मी तेच केले आहे.

निवृत्त_रोखपाल
धनादेशांवरील तारखा कोणत्या, बँकेचा रिटर्न मेमो (धनादेश परत आल्याची कारणासह चिठ्ठी) कधी मिळाला, त्यावर कारण काय लिहिले आहे आणि मूळ धनादेश कोणाकडे आहेत, हे सांगितल्याशिवाय कोणालाही उपयोगी उत्तर देता येणार नाही.

कामगार_हितैषी
या सर्व तपशिलांची गरज नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात थकीत वेतनाचा दावा दाखल करावा. मात्र पगार दरमहा 24,000 रुपयांपेक्षा जास्त असल्यास तो मार्ग बंद आहे.

नियमवाचक
ही मर्यादा 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमातील होती. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून तिच्यातील वेतन देण्याच्या तरतुदींना पगाराची अशी कमाल मर्यादा नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देणे बंधनकारक आहे, थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि प्राधिकारी दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. कृपया जुनी मर्यादा सांगून लोकांना परत पाठवू नका.

थकलेला_पगारदार
तारखांनी काय फरक पडतो, ते मला कळत नाही, पण विचारले म्हणून सांगतो. पहिला मेमो 24 दिवसांपूर्वी आणि दुसरा 9 दिवसांपूर्वी मिळाला. दोन्हींवर खात्यात पुरेशी रक्कम नसल्याचे कारण आहे. मूळ धनादेश माझ्याकडे आहेत. व्यवस्थापक ते परत मागत आहेत.

फौजदारी_वकील
फरक फार मोठा पडतो. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 नुसार, धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास, त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची असते. पहिल्या धनादेशासाठी तुमच्या हाती केवळ सहा दिवस आहेत. मूळ धनादेश आणि मेमो कोणाच्याही हाती देऊ नका. तुमचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.

निवृत्त_रोखपाल
घाबरण्याचे कारण नाही. मुदत चुकली तरी धनादेश पुन्हा भरावा. नवा मेमो मिळाला की नवे 30 दिवस मिळतात.

फौजदारी_वकील
हे खरे असले तरी धनादेशाची तीन महिन्यांची वैधता संपलेली नसेल तरच. धनादेशांवरील तारखा अजूनही प्रश्नकर्त्यांनी सांगितलेल्या नाहीत. हाती सहा दिवस असताना पुढच्या संधीवर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

दिवाळखोरी_अभ्यासक
सरळ कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणे चालवणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जावे. तेथील अर्जाने कंपनी लगेच जागी होते.

नियमवाचक
त्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते. दोन पगारांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

अनुभवी_कर्मचारी
माझ्या जुन्या कंपनीतही असेच घडले होते. मी तत्काळ राजीनामा दिला आणि तुम्हीही द्यावा. भविष्य निर्वाह निधीचे पासबुकही तपासून पाहा. आमच्या पगारातून कापलेली वर्गणी भरलीच गेली नव्हती.

थकलेला_पगारदार
राजीनाम्याविषयी मी विचारलेले नाही. पासबुक पाहतो. दोन्ही धनादेशांवर गेल्या महिन्याच्याच तारखा आहेत. एक गोष्ट राहिली: पहिला धनादेश परत आल्यावर व्यवस्थापकांनी त्यापोटी थोडी रोख रक्कम दिली आणि माझ्याकडून पावती घेतली. नोटिशीत धनादेशाची पूर्ण रक्कमच लिहायची ना?

फौजदारी_वकील
तेवढेच पुरेसे नाही, आणि हे सर्वांत आधी सांगायला हवे होते. धनादेशापोटी काही रक्कम मिळाल्यानंतर तिची नोंद त्यावर न करता तो पूर्ण रकमेसाठी भरला, तर 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ती तक्रार टिकत नाही. नोटिशीत धनादेशाची रक्कम, मिळालेली रोख आणि उरलेली रक्कम वेगवेगळी लिहा, पावतीचा स्पष्ट उल्लेख करा, आणि धनादेश पुन्हा भरण्याची वेळ आलीच तर त्याआधी मिळालेल्या रकमेची नोंद त्यावर करून घ्या. नोटीस कंपनीच्या नावे हवीच. धनादेशावर सही करणाऱ्या संचालकांनाही ती पाठवा. दुसऱ्या धनादेशाची नोटीस वेगळी काढा.

कामगार_हितैषी
जुन्या मर्यादेबाबत माझी चूक झाली. वेतनाचा दावाही सोबत करता येईल, आणि सहकाऱ्यांचे पगार थकले असल्यास त्यांनाही सोबत घ्या.

थकलेला_पगारदार
आणखी अकरा जणांचे थकले आहेत. त्यांना आजच विचारतो. दोन्ही नोटिसांचे मसुदे रात्री लिहितो आणि उद्या स्पीड पोस्टने पाठवतो. पोचपावती आली की तिच्यावरची तारीख येथे लिहीन, म्हणजे पंधरा दिवस नेमके कधी संपतात ते कोणीतरी तपासून सांगावे.