पावडर कोटिंग: आतले कोपरे कोरडेच राहतात
प्रश्न: बॉक्सच्या बाहेर मस्त थर चढतोय पण आतल्या कोपऱ्यात पावडर बसतच नाहीये, पावडरला विजेचा चार्ज देऊन फवारणारी गन १०० केव्हीवर (किलोव्होल्ट) आहे, यापेक्षा जास्त कुठून आणू?

उत्तर: अहो वाढवू नका, कमी करा! फॅराडे केज इफेक्ट आहे हा, विद्युत फील्डच्या रेषा कडांवरच संपतात, म्हणून पावडर आत जात नाही. ५० च्या आसपास आणा, करंट लिमिट लावा, हवाही कमी, नाहीतर बसलेली पावडर उडते.

उत्तर २: ट्रायबो गन बघा, टेफ्लॉनच्या नळीत घासूनच चार्ज होतं, मोकळे आयन जवळपास नाहीतच, म्हणून पावडर कोपऱ्यात शिरते. पण पॉलिएस्टरला त्यासाठीचं ॲडिटिव्ह लागतं बरं का. आणि बॉक्स टांगलाय तो हुक तपासलात का? त्यातूनच अर्थिंग होतं, त्याचा रोध १ मेगाओहमच्या आत हवा.

प्रश्नकर्ता: हुकवर जुन्या पावडरीचं कवच होतं 😅 खरवडलं, ६० वर मारलं, बराच फरक पडला.