आजी मोबाइल परत देते, तेव्हा पालकांनी काय करावे?

प्रश्न (गुहागर)
मुलगा सहा वर्षांचा आहे. गेले आठ महिने तो जवळजवळ रोज प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणतो, वाद घालतो आणि धाकट्या बहिणीला मुद्दाम डिवचतो. परवा मोबाइल काढून घेतला, तेव्हा त्याने अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचे सूप उलथवले आणि ‘दे गं बाई, पोर रडून निळं होईल’ म्हणत सासूबाईंनी मोबाइल परत दिला. आता मानसतज्ज्ञांनी मुलाऐवजी आम्हालाच प्रशिक्षणाला बोलावले आहे. दोष आमचा, असेच त्यांना म्हणायचे आहे का?

उत्तर (चिपळूण, समुपदेशक)
नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ साली विस्ताराने मांडलेले चक्रच तुमच्या अंगणात फिरले. मुलाने आकांत वाढवला, मोठ्यांनी माघार घेतली. त्याला मोबाइल मिळाला, आजींना शांतता मिळाली, आणि पुढच्या वेळीही तसेच वागायला दोघांनाही कारण मिळाले. हे चक्र मोडणे सहा वर्षांच्या मुलापेक्षा मोठ्यांना जमण्यासारखे असते, म्हणून बोलावणे तुम्हाला आले आहे.

सुरुवात शिक्षेने होत नाही. रोज पाच-दहा मिनिटे तो सांगेल तो खेळ खेळायचा, आणि त्या वेळात सूचना, प्रश्न, टीका काहीही करायचे नाही. ‘शहाणा माझा’ एवढे कौतुक पुरत नाही; ‘पहिल्या हाकेला चपला जागेवर ठेवल्यास, छान केलेस’ असे नेमके सांगावे लागते. दोन-तीन आठवडे हे अंगवळणी पडल्यावर मग आज्ञा: एका वेळी एकच, आणि ‘ठेवशील का?’ असे न विचारता ‘ठेव’ असे शांतपणे. एकदा कान तपासून घ्या. नीट ऐकू न येणारे मूलही हट्टी वाटते.

उत्तर (देवगड, एक वडील)
एक गोष्ट आम्हाला अनुभवाने कळली. आकांताकडे दुर्लक्ष सुरू केले की तो आधी वाढतो. ऐन आंब्याच्या हंगामात, दारात पेट्या भरणारे गडी बघत असताना, सहाव्या दिवशी मी कंटाळून हार मानली. म्हणजे सहा दिवस ओरडले की मिळते, हेच मी मुलाला शिकवले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. मारणे मात्र पूर्ण बंद केले. त्याऐवजी ओटीच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर पाच मिनिटे, तेही व्याख्यान न देता.

प्रश्नकर्ती
बैठकीला सासूबाईंना आणले तर चालेल का?

समुपदेशक
अवश्य आणा. फक्त ‘तुमच्यामुळे बिघडला’ असे घरातून निघताना म्हणू नका, नाहीतर त्या यायच्या नाहीत.