मदत हवी आहे: तालुक्याच्या कॉलेजात सायबर सुरक्षेची प्रात्यक्षिक लॅब, परदेशी अनुदानाचा अर्ज

तालुका_लॅब:
आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे आणि एक बीसीएस कॉलेज चालवते. ३० जणांच्या तुकडीसाठी सायबर सुरक्षेची प्रात्यक्षिक लॅब उभी करायची आहे. हाताशी १५ जुने डेस्कटॉप आहेत, प्रत्येकी ४ जीबी रॅम. एपनिक फाउंडेशन या आशिया-पॅसिफिकमध्ये इंटरनेटच्या कामांना निधी देणाऱ्या परदेशी संस्थेच्या 'आयसिफ एशिया' अनुदानासाठी अर्ज करावा असा विचार आहे. एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी नाही. शेजारच्या दोन कॉलेजांनाही यात घेऊन पैसे वाटून द्यायचे आहेत. सुरुवात कुठून करावी? अंदाजपत्रकात नेमकं काय धरावं?

हिशोबवही:
आधी एफसीआरए, मग बाकी सगळं. अनुदान मंजूर झालं तरी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशातला एक रुपयाही खात्यात घेता येत नाही. नियमित नोंदणीसाठी (फॉर्म एफसी-३ए) साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढं नसेल तर एफसी-३बी भरून पूर्वपरवानगी मागा. ती ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक काम एवढ्यापुरतीच मिळते, आणि सोबत देणगीदाराचं वचनपत्र व प्रकल्प अहवाल लागतो. म्हणून अर्जातल्या वेळापत्रकात या परवानगीचे महिने उघडपणे दाखवा. पहिल्याच महिन्यात खरेदी दाखवलीत तर पुढची प्रत्येक तारीख चुकणार.

पैसे येण्याचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, जवळच्या स्टेट बँक शाखेतून कागद पाठवता येतात. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक आधीच काढून ठेवा.

शेजारच्या कॉलेजांना पैसे वाटण्याची कल्पना मात्र सोडून द्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या कुणाकडेही वळवता येत नाही, समोरच्याकडे एफसीआरए असली तरीही. यंत्रंसुद्धा तुमच्याच संस्थेच्या नावावर राहिली पाहिजेत. लॅब तुमच्याकडे ठेवा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारच्या तुकड्यांत बोलवा, हा सरळ मार्ग आहे. परदेशातून कुणी फुकट लॅपटॉप पाठवले तर तेही परदेशी योगदानच धरलं जातं, हे बऱ्याच संस्थांच्या लक्षात येत नाही.

पॅकेटपाहणी:
यंत्रांबद्दल सांगतो. नवीन पीसी मागू नका. ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी टाकली की हेच १५ डेस्कटॉप दोघांत एक या हिशोबाने पुरतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) कालीला (सुरक्षा तपासणीची साधनं असलेली लिनक्स) २ जीबी, मेटास्प्लॉइटेबल २ ला (सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेलं आभासी यंत्र) ५१२ एमबी ते १ जीबी, उरलेली रॅम मूळ यंत्रणेला. ऑर्डर देण्याआधी प्रत्येक यंत्र उघडून बघा, रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ आणि बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो. एकाच दिसणाऱ्या १५ यंत्रांत दोन जाती निघतात आणि निम्मी रॅम परत करावी लागते. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी संगणक चालवायची सोय, बंद असेल तर ६४ बिटची काली सुरूच होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: मेटास्प्लॉइटेबलचं नेटवर्क 'इंटर्नल' (फक्त आभासी यंत्रांपुरतं) ठेवा, 'ब्रिज्ड' (थेट कॉलेजच्या नेटवर्कला जोडलेलं) कधीच नको. मुद्दाम भोकं ठेवलेलं ते यंत्र ब्रिज्ड केलं की कॉलेजच्या नेटवर्कवर उघडं पडतं, त्याच नेटवर्कवर फी-विभागाचा पीसीही असतो. कालीला अपडेट द्यायचं असेल तेव्हा इंटरनेटसाठी दुसरं एनएटी अडॅप्टर लावा, काम झालं की काढा आणि स्नॅपशॉट (यंत्राच्या त्या क्षणाच्या स्थितीची जतन केलेली प्रत) घ्या.

पहिल्याच तासाला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधली कलमं ४३ आणि ६६ समजावून सांगा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विद्यार्थ्यांकडून सही केलेलं नियमपत्र घ्या आणि अर्जाला जोडा.

तालुका_लॅब:
मनापासून आभार. प्रशिक्षकाचं मानधन धरलं तर प्रशासकीय खर्च एफसीआरएच्या २०% मर्यादेच्या वर जाईल अशी भीती आहे.

हिशोबवही:
मर्यादा २०% चीच आहे, पण शिकवणाऱ्यांचं वेतन साधारणपणे त्यात मोजलं जात नाही. कार्यालयाचं भाडं, विश्वस्तांचं मानधन, व्यवस्थापनाचा प्रवास हे मात्र मोजलं जातं. तुमच्या सीएकडून प्रत्येक ओळीचं शीर्षक तपासून घ्या, "संकीर्ण" असं काही ठेवू नका. संगणकाच्या सामानावरचा १८% जीएसटी खर्चातच धरा. तुम्हाला त्याचा परतावा मिळणार नाही.

पॅकेटपाहणी:
आणि मानधनाला कात्री लावून यंत्रं वाढवू नका. लॅब बंद पडते ती यंत्रांअभावी नव्हे, बिघडलेला स्नॅपशॉट कुणी दुरुस्त करत नाही म्हणून. आठवड्यातून सहा तास लॅब सांभाळणारा माणूस प्रकल्पाच्या पूर्ण काळासाठी धरा.

यश मोजायला "३० प्रमाणपत्रं" लिहू नका. कोर्सच्या आधी आणि नंतर एकच काम द्या: वायरशार्क या नेटवर्कवरची माहिती टिपणाऱ्या साधनाच्या कॅप्चरमधून टेलनेटचा (दूरच्या यंत्रात शिरायची जुनी, पासवर्ड उघडा पाठवणारी सेवा) पासवर्ड २० मिनिटांत शोधा, मग ती सेवा बंद करून बंद झाल्याचं दाखवा. किती जणांना आधी जमलं आणि किती जणांना नंतर, तेवढंच अर्जात मांडा.