‘टाकीत फिल्टर’ की ‘टाकीतलं फिल्टर’?

खडूफळा: पंपाच्या माहितीपुस्तिकेतलं वाक्य: ‘रिप्लेस द फिल्टर इन द टँक.’ अनुवादात मी ‘टाकीतलं फिल्टर बदला’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘टाकीत फिल्टर बदला’ केलं. म्हणे ‘इन’ म्हणजे ‘त’, ‘तलं’ कुठून आणलंत?

जुना बोरू: तुमचंच बरोबर. इंग्रजीत ‘इन द टँक’ हा गट रूप न बदलता नामाचीही चाकरी करतो आणि क्रियापदाचीही. मराठीत आधी धनी ठरवावा लागतो. नामाकडे गेला तर ‘तला, वरचा, मागचा’. क्रियापदाकडे गेला तर ‘त, वर, मागे’. शंका आली की नाम आणि गट दोन्ही काढून ‘इट’ घाला. ‘रिप्लेस इट’ पुरं वाटतं, म्हणजे गट नामाचा. ‘पुट द फिल्टर इन द टँक’मध्ये फक्त फिल्टरच्या जागी ‘इट’ चालतं. नुसतं ‘पुट इट’ लटकतं. तिथे ‘टाकीत ठेवा’.

मीठभाकर: गटांची रांग लागली की खरी गोची. ‘चेक द प्रेशर इन द टँक बिहाइंड द पॅनल विथ अ गेज.’ आधी ‘विथ अ गेज’ सुटा करून क्रियापदाशेजारी ठेवा, मग उरलेलं मागून पुढे: ‘पॅनलमागच्या टाकीतला दाब गेजने तपासा.’ इंग्रजी क्रमानेच गेलात तर ‘दाब टाकीत पॅनलमागे’ असं कडबोळं होतं. आणि ‘पॅनल मागच्या’ असं तोडू नका हो, शब्दयोगी जोडूनच.

त्रिज्या: इंग्रजीतलं ‘इन’, ‘विथ’सारखं प्रिपोझिशन कुठे जोडून येतं? त्याला शब्दयोगी न म्हणता ‘पूर्वयोगी’ म्हणा.

जुना बोरू: पोरांना प्रिपोझिशन कळतं, पूर्वयोगी कुणाला कळणार? शिवाय ‘टाकीत’मधला ‘त’ शब्दयोगी नाहीच, सप्तमीचा प्रत्यय आहे.

त्रिज्या: प्रत्यय आणि शब्दयोगी यांत एवढं अंतर नाही. ‘मागे’सुद्धा मूळचं नामच, ‘मार्ग’वरून आलेलं. ‘माग काढणे’त ते अजून दिसतं.

मीठभाकर: पुस्तिकेत सरळ ‘टाकीतील’ लिहा. ‘तला-तली-तलं’ लिंगाप्रमाणे बदलतं, ‘तील’ बदलत नाही. फिल्टर तो की ते, हा वादच नको.

खडूफळा: पुढच्याच ओळीत ‘जुना फिल्टर’ की ‘जुनं फिल्टर’ आहे, तिथे ‘तील’ काय करणार?

त्रिज्या: तो फिल्टर. ‘गाळणी’ लिहा, ती तरी निर्विवाद स्त्रीलिंगी.

जुना बोरू: गाळणी चहाची! पंपात गाळणी घालून बघा, मेकॅनिक काय म्हणतो ते.