कॅनडात अल्पमतातलं सरकार म्हणजे नुसता टाइमपास का?

भटक्या: २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्या लिबरल पक्षाला बहुमत नाही मिळालं, तरी गाडी चाललीच की. मग मोठे निर्णय घ्यायला बहुमतच पाहिजे असं सगळे का म्हणतात?

निवांत: काही नाही हो, पंतप्रधान पिअर्सनकडे १९६३ ते ६८ कधीच बहुमत नव्हतं आणि पेन्शन प्लॅन, सरकारी आरोग्य विमा, मेपलच्या पानाचा झेंडा, सगळं त्याच काळातलं. झेंड्यावरून सहा महिने नुसती भांडणं, शेवटी डिसेंबर १९६४ मध्ये रात्री दोनला मतदान उरकलं!

कोपरा: आणि पंतप्रधान जो क्लार्क? १९७९ ला सहा महिन्यांत संसदेत बजेट पडलं, १३९ विरुद्ध १३३, आणि सरकारही गेलं. पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंट कर लावला आणि वर बहुमत असल्यासारखं वागायचं, मग पडणारच ना. अशा सरकारात आकडे मोजता यायला हवेत.

निवांत: तेच तर. २०२२ ला लिबरल्सनी एनडीपी या छोट्या पक्षाशी पाठिंब्याचा करार केला म्हणून दातांच्या उपचारांची योजना आली, बहुमत असतं तर आली असती का, मला तरी डाउट आहे. आणि ट्रूडोंचं २०१५ चं ‘बहुमत’ बघा, मतं ३९.५ टक्के, जागा ३३८ पैकी १८४.

भटक्या: हे टक्के माहीतच नव्हते राव.