एकच प्लॉट दोनदा विकला, दावा कसा मांडावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बिनशेती प्लॉट, पहिल्या खरेदीदाराचं नोंदणीकृत खरेदीखत 2019 चं, पण फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद) राहून गेला. सातबारा विकणाऱ्याच्याच नावावर. 2024 मध्ये त्याने तोच प्लॉट दुसऱ्याला विकला. दुसऱ्या फेरफारावर हरकत दिली आहे, प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे. तिथे फार तर नोंद थांबेल, मालकी दिवाणी कोर्टातच ठरणार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 48 प्रमाणे आधीचं खत वरचढ, हेही ठीक.

अडलंय ते पुढे. पहिला खरेदीदार दुसऱ्या खतात पक्षकारच नाही; मग ते रद्द करून मागायचं, की ‘पहिल्यावर बंधनकारक नाही’ एवढी कोर्टाची घोषणा पुरे? कुंपण दुसऱ्याचं आहे, म्हणजे ताबाही मागावा लागेल. मग कोर्ट फी कशावर? आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) कुणी नोंदवली आहे का? तिसरी विक्री व्हायला नको.